सीएसआरमुळे कर्मचाऱ्यांच्या कामावरच्या वागण्यात खरंच फरक पडतो का?

त्रयस्थ

कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) प्रकरण आलं की शेवटाकडे एक वाक्य हमखास असतं: या उपक्रमांमुळे आमच्या कर्मचाऱ्यांचा उत्साह आणि कंपनीबद्दलची आपुलकी वाढली आहे. कुणी मोजली, कशी मोजली, याचा पत्ता नसतो. संस्थांमधलं मानवी वर्तन हा माझा शिकवण्याचा विषय, त्यामुळे या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. राहिलेल्या अर्ध्या भागावर बोलावं म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. व्यावसायिकांची समाजाप्रती जबाबदारी काय, यावर हॉवर्ड बोवेन या अर्थतज्ज्ञाचं पुस्तक १९५३ साली आलं. आर्ची कॅरोल यांनी पुढे त्या जबाबदारीचे चार थर सांगितले: नफा कमावणं, कायदा पाळणं, नीतीनं वागणं आणि सर्वांत वर दानधर्म. १९९१ मध्ये त्यांनी त्याचा पिरॅमिड केला, तो व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. मात्र संशोधकांचं लक्ष बराच काळ कंपनीच्या नफ्याकडे आणि प्रतिमेकडेच राहिलं. हर्मन आग्विनिस आणि आन्ते ग्लावास यांनी २०१२ मध्ये ५८८ शोधनिबंध आणि १०२ पुस्तकं व पुस्तकांतली प्रकरणं तपासली, तेव्हा व्यक्तीच्या पातळीवरचं काम जेमतेम ४ टक्के निघालं. ज्यांच्या नावानं हे सगळं साजरं होतं त्यांना काय वाटतं हे फारसं कुणी विचारलंच नव्हतं.

मुळात कंपनीनं बाहेर कुठे तरी शाळा बांधली तर आत बसलेल्या माणसाला त्याचं काय? अभ्यासक साधारण तीन वाटा सांगतात.

एक अभिमानाची. 'मी अमुक ठिकाणी काम करतो' असं आपण सांगतो तेव्हा त्या नावाची लाज किंवा प्रतिष्ठा आपल्यालाही चिकटते. जेन डटन आणि जॅनेट ड्युकेरिच यांचा १९९१ चा अभ्यास या बाबतीत मला फार आवडतो. न्यूयॉर्क-न्यूजर्सी पोर्ट अथॉरिटी या वाहतुकीच्या सोयी चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या बस टर्मिनलमध्ये ऐंशीच्या दशकात बेघर माणसं मोठ्या संख्येनं आसरा घ्यायला लागली. संस्थेनं सुरुवातीला तो पोलिसांचा आणि सुरक्षेचा प्रश्न मानला. बाहेरून टीका व्हायला लागली ती कर्मचाऱ्यांच्या जिव्हारी लागली, कारण आपली संस्था सचोटीची आणि कामात पक्की आहे असं ते मानत होते. पुढे तीच संस्था बेघरांसाठी निवाऱ्याची सोय करण्यापर्यंत गेली, आणि त्या बदलामागे कर्मचाऱ्यांचा दुखावलेला अभिमानही होता.

दुसरी वाट न्यायाची. डेबोरा रप आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलं की कंपनी तिऱ्हाइताशी कशी वागते हे कर्मचारी बारकाईनं बघतो, कारण त्यावरून ती उद्या आपल्याशी कशी वागेल याचा त्याला अंदाज येतो. तिसरी वाट अर्थाची: मी भरतो त्या तक्त्यांपलीकडे माझ्या श्रमाचा कुणाला उपयोग होतो का?

आकडेही आहेत. ब्रॅमर, मिलिंग्टन आणि रेटन यांनी २००७ मध्ये एका वित्तसेवा कंपनीतल्या ४,७१२ कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. कंपनीच्या बाहेरच्या सामाजिक कामाबद्दलचं मत आणि कंपनीशी असलेली बांधिलकी यांचं नातं तिथे निदान कामातलं समाधान आणि बांधिलकी यांच्या नात्याइतकं तरी घट्ट निघालं. दुय्गू तुर्केर यांनी २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या २६९ नोकरदारांना विचारलं. समाज, कर्मचारी आणि ग्राहक यांच्याबाबतच्या जबाबदारीचा बांधिलकीशी संबंध दिसला. सरकारबाबतच्या जबाबदारीचा, म्हणजे कर भरणं, नियम पाळणं वगैरेचा, दिसला नाही. जे करायलाच हवं त्याचं कौतुक कोण करणार!

माझं म्हणणं असं की कंपनी किती करते यावर कर्मचाऱ्याचं मन फारसं ठरत नाही. ती हे का करते आहे असं त्याला वाटतं, त्यावर ठरतं. आणि त्या 'का'चं उत्तर तो अहवालात शोधत बसत नाही. स्वतःला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळणाऱ्या वागणुकीवरून काढतो. म्हणून एकाच उपक्रमानं एका कंपनीत माणसं जोडली जातात आणि दुसरीकडे तोच उपक्रम टिंगलीचा विषय होतो.

तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर आधी लिहा.

---

कारकून नंबर दोन

आमच्याकडे वर्षातून एकदा सगळ्यांना सुट्टीच्या दिवशी झाडं लावायला नेतात. आम्हाला 'स्वयंसेवक' म्हणतात आणि हजेरी घेतात. न येणाऱ्याचं नाव त्याच्या वरिष्ठाकडे जातं. एकसारखे टी-शर्ट, आधीच खणून ठेवलेले खड्डे, फोटो, परत. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा. आधीच्या झाडांचं काय झालं हे विचारणारा माणूस 'निगेटिव्ह' ठरतो.

माझी वृत्ती काय झाली विचाराल तर त्या आठवड्यात मी कंपनीचं एकही जास्तीचं काम करत नाही. हिशेब बरोबर.

---

निशिगंधा

वाचतेय. कारकूनकाका, 'हिशेब बरोबर' ला +१.

---

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण एक मूलभूत शंका. ब्रॅमर काय आणि तुर्केर काय, दोन्ही पाहण्या प्रश्नावलीच्या. एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारायचं: तुमची कंपनी समाजासाठी चांगलं करते का? आणि तुम्हाला कंपनी आवडते का? ज्याची नुकतीच बढती झाली आहे तो दोन्हीकडे 'हो' म्हणणार, ज्याचा साहेबाशी खटका उडाला आहे तो दोन्हीकडे 'नाही'. यात सीएसआरमुळे आपुलकी वाढली की आपुलकीमुळे सीएसआर गोड वाटला, हे कसं कळणार?

शिवाय उलट कारणही असू शकतं. ज्या कंपनीकडे पैसा आहे ती पगारही बरा देते आणि देणग्याही. माणसं पगारावर खूश असतात, श्रेय देणगीला जातं.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं की नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणं हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. दुसऱ्याच्या पैशानं दानशूर होऊ नका, असा त्यांचा सूर होता. मी पूर्ण सहमत नाही, पण 'कर्मचारी खूश होतात म्हणून करा' हा युक्तिवाद पुराव्याशिवाय आला की मला फ्रीडमन आठवतात.

---

त्रयस्थ

हिशेबनीस, शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातल्या लोकांनाही ती छळत होती. म्हणून गेल्या दशकात प्रत्यक्ष प्रयोग झाले.

हेडब्लॉम, हिकमन आणि जॉन लिस्ट यांनी माहिती भरण्याचं काम देणारी स्वतःचीच एक फर्म उभी केली आणि नोकरीच्या जाहिरातींचा मजकूर बदलून पाहिला. सामाजिक कामाचा उल्लेख केल्यावर अर्जदार २५ टक्क्यांनी वाढले. तेवढे अर्जदार नुसत्या पगारानं आणायचे तर तो ३६ टक्के वाढवावा लागला असता. आलेल्या माणसांचं कामही सरस होतं. सीएसआरमध्ये नाव असलेल्या कंपन्या नोकरी शोधणाऱ्यांना जास्त आकर्षक वाटतात हे टर्बन आणि ग्रीनिंग यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं, पण इथे पगार आणि सीएसआर वेगळे काढता आले.

व्हेनेसा बर्बानो यांनी २०१६ मध्ये ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या दोन मंचांवर असंच केलं. काम देणारी कंपनी समाजासाठी काही करते एवढं कळलं तरी लोकांनी कमी मोबदला मागितला. त्यातल्या एका मंचावर तर सर्वांत चांगलं काम करणारेच सर्वांत जास्त सूट द्यायला तयार झाले.

आणि आता तुमच्या बाजूनं एक. जॉन लिस्ट आणि फातेमेह मोमेनी यांनी ३,००० हून अधिक लोकांना कामाला घेऊन बघितलं. कंपनीच्या नावानं दानधर्म होतो आहे हे सांगितल्यावर कामात लबाडी करणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढलं. वाढलं! त्यांचं स्पष्टीकरण असं की चांगल्या कामात आपलाही हात लागला असं वाटलं की माणूस स्वतःला थोडी सूट देतो. मानसशास्त्रात याला नैतिक परवाना म्हणतात. सकाळी देवळात जाऊन आल्यावर दुपारी माप मारणारा दुकानदार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

---

उलटतपासणी

बर्बानोबाईंचा निष्कर्ष परत एकदा वाचा मंडळी. कंपनी समाजकार्य करते म्हणून चांगली माणसं कमी पैसे मागतात. म्हणजे पुण्य कंपनीच्या खात्यावर आणि खर्च आमच्या पगारातून. याला सामाजिक जबाबदारी म्हणायचं की वाटाघाटीतली चलाखी?

उद्या एखाद्या एचआरवाल्यानं हा निबंध वाचला तर काय होईल, याची मला जास्त काळजी वाटते.

---

जुनी पानं

उलटतपासणी यांच्या शंकेला जुना दाखला देतो. लांबण लागेल, माफी.

शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन यांनी १८८० पासून रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्याभोवती कामगारांसाठी एक अख्खं आदर्श गाव वसवलं. विटांची टुमदार घरं, गॅस, पाणी, बाग, नाट्यगृह, वाचनालय. त्या काळच्या कामगार वस्त्यांची दैना पाहता हे खरोखरच थोर काम वाटावं. लांबून लोक बघायला यायचे आणि तोंड भरून कौतुक करून जायचे.

आतून चित्र निराळं होतं. घर विकत घेता येत नसे, फक्त भाड्यानं मिळे. वाचनालयालाही वर्गणी होती. गावावर सत्ता कंपनीची, आणि पुलमन यांचा दंडक असा की गावानंही गुंतवणुकीवर नफा मिळवून द्यायचा. कामगार हे सगळं जाणून होते, तरी चाललं होतं.

मग १८९३ ची मंदी आली. कंपनीनं पगारात सरासरी पाव हिस्सा कपात केली. घरभाडं मात्र पैशानंही उतरवलं नाही. भागधारकांना लाभांश चालूच. शिष्टमंडळ भेटायला गेलं, त्यातल्या काहींना कामावरून काढलं. मे १८९४ मध्ये संप सुरू झाला. जूनच्या अखेरीस युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियननं पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला आणि देशातली रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली. शेवटी लष्कर आणलं, माणसं मेली. चौकशी आयोगानं नंतर कंपनीच्या धोरणावर ताशेरे ओढले. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं कारखान्याला लागत नसलेली मालमत्ता विकायला सांगितलं आणि आदर्श गाव संपलं. पुलमन स्वतः १८९७ मध्ये वारले. संतापलेले कामगार शव उकरून काढतील या धास्तीनं घरच्यांनी त्यांना शिसं लावलेल्या पेटीत, वर सिमेंट काँक्रीट ओतून पुरलं.

याला सीएसआर म्हणावं का यावर वाद घालता येईल. पण धागाकर्तीचा 'का'चा मुद्दा याहून स्पष्ट दिसणार नाही. मंदी येईपर्यंत घरं ही मालकाची माया आहे की धंदा, हे कामगारांना ठामपणे सांगता आलं नसतं. पगार उतरला आणि भाडं तसंच राहिलं, त्या महिन्यात उत्तर मिळालं. आणि ज्याच्यावर उपकार झाले असं सांगितलं जातं, त्याला फसवणूक कळली की त्याचा राग नेहमीच्या कामगारापेक्षा जास्त असतो.

---

निशिगंधा

जुनी पानं, हे माहीतच नव्हतं. काँक्रीट!!

---

मधली सुट्टी

मला आतल्या आणि बाहेरच्या वागणुकीबद्दल लिहायचं आहे.

आधीच्या एका नोकरीत (नाव नको) कंपनीचा महिलांच्या आरोग्यासाठी मोठा प्रकल्प होता. पुरस्कार मिळाला, स्वागतकक्षात मोठा फोटो लागला. त्याच इमारतीत ठेकेदाराकडून आलेल्या सफाईच्या बायकांना बसायला जागा नव्हती. त्या जिन्याच्या वळणावर डबा खायच्या. लिफ्ट वेगळी, स्वच्छतागृहही वेगळं. आमच्या मजल्यावरच्या एकीनं सभेत हे विचारलं तर उत्तर आलं की त्या आपल्या कर्मचारी नाहीत, ठेकेदाराच्या आहेत.

त्यानंतर तो फोटो बघितला की आमच्या मजल्यावर कुणी ना कुणी काही तरी बोलायचंच. आम्ही कुणी संप केला नाही, भांडलो नाही. फक्त कंपनीच्या कुठल्याच चांगल्या बातमीवर विश्वास राहिला नाही. बोनसचं पत्र आलं तरी लोक बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचायचे. तिथला पगार वाईट नव्हता, तरी वर्षभरात आमच्यातले बरेच जण बाहेर पडले.

त्रयस्थ, यावर अभ्यास आहे का?

---

त्रयस्थ

आहे. शायडलर, एडिंगर-शोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं. बाहेरच्यांसाठी केलेलं काम आतल्यांसाठी केलेल्या कामापेक्षा जास्त दिसायला लागलं की कर्मचाऱ्यांना कंपनी दांभिक वाटते. त्यातून मानसिक थकवा येतो, आणि त्यातून नोकरी सोडण्याचा विचार. तुम्ही सांगितलेली साखळी जवळपास तीच आहे.

यातली खोच अशी की बाहेर काहीच न करणाऱ्या कंपनीवर दांभिकतेचा आरोप होत नाही. तिला लोक कंजूष म्हणतात आणि विसरतात. बाहेर उदार आणि आत कोती, ही जोडी जास्त महागात पडते. म्हणून सीएसआर वाढवला की आपुलकी वाढेल असं सरळ गणित मांडता येत नाही. आतली वागणूक तशीच ठेवून बाहेरचं वाढवलं तर आपुलकी उतरूही शकते.

ठेकेदाराच्या माणसांचं उदाहरण तर फार महत्त्वाचं. रप यांच्या मांडणीतला 'तिऱ्हाईत' आपण दूरच्या वस्तीत शोधतो. तुमच्यासाठी तो जिन्याच्या वळणावर बसलेला होता, आणि रोज दिसत होता.

---

कलम आणि पोटकलम

एक कायदेशीर पुस्ती जोडतो, कारण इथे नेहमी गल्लत होते. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. त्यामुळे 'त्या पैशातून आमचा आरोग्य विमा का वाढवत नाही' या प्रश्नाला कंपनी नियमाकडे बोट दाखवू शकते. विमा वाढवायला अर्थात कुणी अडवलेलं नाही, तो त्या २ टक्क्यांत मोजला जाणार नाही इतकंच.

उलट आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीवरचं २०१० चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक कामगारविषयक वर्तनाला सात गाभ्याच्या विषयांपैकी एक धरतं. म्हणजे एका व्याख्येत कर्मचारी आत, दुसरीत खर्चापुरता बाहेर. आणि कायद्यानंच करायला लावलं असेल तर धागाकर्तीच्या 'का'ला कर्मचाऱ्याकडे आयतं उत्तर तयार असतं: करावंच लागतं म्हणून करतात. अशा ठिकाणी किती खर्च केला याला काडीची किंमत नाही. कोणतं काम निवडलं आणि ते किती मन लावून केलं, तेवढंच पाहिलं जातं.

---

खिडकीपाशी

सगळे टीकाच करताहेत म्हणून माझी चांगली बाजू लिहितो. आमच्या कंपनीत दरवर्षी काही दिवस पगारी मिळतात, कुठल्याही संस्थेला आपलं व्यावसायिक कौशल्य द्यायला. सक्ती नाही. मी एका छोट्या संस्थेला त्यांच्या देणग्यांच्या नोंदी नीट लावून द्यायचं काम घेतलं. रोज ऑफिसात हेच करतो, पण तिथे ते काम करून दिल्यावर समोरचा माणूस हायसं वाटून खुर्चीत मागे टेकला. हे ऑफिसात कधी होत नाही, तिथे पुढचं तिकीट (पुढच्या कामाची नोंद) येतं.

परत आल्यावर माझ्या नेहमीच्या कामाकडे बघण्याची नजर जरा बदलली. काम तेच, पण ते कुणाला तरी लागतं हे डोक्यात राहिलं.

कुरकुर करायचीच तर सहकाऱ्यांची करेन. 'बढतीची तयारी चाललीय वाटतं' हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं.

---

त्रयस्थ

खिडकीपाशी, तुमच्या दोन्ही गोष्टींना आधार आहे. जेसिका रोडेल यांनी २०१३ मध्ये दाखवलं की स्वयंसेवा करणारे लोक कामात कमी नव्हे तर जास्त गुंतलेले असतात. आणि रोडेल व लिंच यांचा २०१६ चा निबंध तर तुमच्या सहकाऱ्यांवरच लिहिल्यासारखा आहे. मनापासून करतो असं वाटलं तर सहकारी श्रेय देतात, दिखाव्यासाठी करतो असं वाटलं तर नाक मुरडतात. कर्मचारी कंपनीची जी 'का'ची परीक्षा घेतात तीच एकमेकांचीही घेतात.

समोरचा माणूस खुर्चीत टेकला, यावरून ॲडम ग्रँट यांचा २००७ मधला प्रयोग सांगायलाच हवा, जरी तो थेट सीएसआरचा नसला तरी. एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे लोक. त्यातल्या एका गटाची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घालून दिली. महिन्याभरानं त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. दुसऱ्या गटाला विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचायला दिलं. त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

अंतर्गत मासिकातून लाभार्थ्यांची पत्रं छापणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं.

---

हिशेबनीस

प्रयोग पटले. विशेषतः लिस्ट-मोमेनी, कारण त्यानं माझ्या पूर्वग्रहाला खतपाणी मिळालं. :)

नैतिक परवान्याचं हे वरच्या मजल्यावर गेलं की काय होतं बघा. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीची ६४ पानी नीतिसंहिता होती, दानधर्मही दणदणीत होता. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा निवृत्तीची पुंजी एन्रॉनच्याच शेअरमध्ये अडकलेल्या कर्मचाऱ्यांचे हाल झाले. फोक्सवागेन तर सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वततेच्या एका नामांकित निर्देशांकात वाहन उद्योगात अव्वल होती, आणि त्याच महिन्यात उत्सर्जन चाचणीतली लबाडी उघड झाली. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर होतं.

हे करणारी आणि हे माहीत असलेली माणसंही कर्मचारीच होती. 'आपली कंपनी चांगली आहे' या विश्वासानं माणूस जास्त मेहनत करतो हे मान्य. पण त्याच विश्वासानं तो शंका घेणं सोडतो का, यावर कुणी काम केलंय का ते बघायला आवडेल. आपुलकी मोजणाऱ्या प्रश्नावलीत हा प्रश्न मी तरी कधी पाहिलेला नाही.

---

भटकभवानी

हिशेबनीस, उलटंही होतं की! कंपनीनं स्वतःबद्दल उंच उंच बोलून ठेवलं की माणसं तिला त्याच शब्दांवरून धरतात. २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी ड्रोनच्या चित्रणाचं विश्लेषण करण्याच्या लष्करी कंत्राटाविरुद्ध पत्रावर सह्या केल्या आणि कंपनीनं ते कंत्राट पुढे न वाढवण्याचं ठरवलं. २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या ८,००० हून जास्त कर्मचाऱ्यांनी हवामानबदलावर ठोस आराखडा मागणारं खुलं पत्र काढलं.

हे लोक कंपनीवर चिडलेले असले तरी उदासीन नव्हते. उदासीन माणूस सही करत बसत नाही, दुसरीकडे अर्ज टाकतो. एचआरला हवी असते ती गोड बोलणारी आपुलकी. सीएसआर गंभीरपणे घेतलेल्या माणसांची आपुलकी जाब विचारणारी असते, आणि ती नको असेल तर मग मूल्यांच्या पाट्या लावूच नयेत.

---

उलटतपासणी

भटकभवानी, बरोबर. फक्त त्या कंपन्यांतल्या लोकांना दुसरी नोकरी सहज मिळते. कारकूनकाकांनी पत्र काढलं तर काय होईल?

---

कारकून नंबर दोन

कारकूनकाकांना पुढच्या वर्षीच्या सीएसआर समितीत टाकतील. थट्टा नाही, टाकलंच आहे. परवाच कळलं. आता 'कर्मचाऱ्यांचा सहभाग' या सदराखाली प्रस्ताव लिहायचा आहे. धाग्यावर एवढे जाणकार आहेत तर सांगा, काय लिहू?

---

मधली सुट्टी

अभिनंदन म्हणू की सांत्वन करू? :)

माझ्याकडून एवढंच: काय करायचं हे आधी लोकांना विचारा, ठेकेदाराच्या लोकांना धरून.

---

त्रयस्थ

कारकूनराव, मी असते तर सुट्टीच्या दिवशीचा कार्यक्रम आधी रद्द केला असता. कामाच्या वेळातले तास द्या. कंपनी स्वतःचा वेळ देते की तुमचा वापरते, एवढ्यावरून लोक हेतू ओळखतात. सहभागाचा मूल्यमापनाशी संबंध तोडा, आणि तो तोडला आहे हे लेखी कळवा, कारण तोंडी सांगितलेलं कुणी खरं मानणार नाही. एका दिवसाच्या दहा ठिकाणांपेक्षा एकच ठिकाण काही वर्षं धरा, म्हणजे झाडांचं काय झालं हे विचारणाऱ्याला तुम्हीच तिथे नेऊ शकाल. जमलं तर कंपनीला जे काम येतं त्याच्याशी जोडलेला उपक्रम घ्या. आग्विनिस आणि ग्लावास यांनी रोजच्या कामात मुरलेला आणि कडेकडेचा असा सीएसआरचा भेद केला आहे. कर्मचाऱ्याला अर्थ सापडायचा असेल तर पहिल्या प्रकारात जास्त वाव असतो.

आणखी एक, ज्याचा फार कमी लोक विचार करतात. ग्रँट, डटन आणि रोसो यांनी २००८ मध्ये एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीतला निधी अभ्यासला. अडचणीत आलेल्या सहकाऱ्यांसाठी कर्मचारीच त्यात थोडी थोडी रक्कम घालत. मदत घेणाऱ्यांची आपुलकी वाढते हे सगळ्यांना सुचतं. इथे देणाऱ्यांची वाढलेली दिसली. आपण देणारी माणसं आहोत आणि आपली कंपनीही तशीच आहे, असं त्यांना वाटायला लागलं. कलम आणि पोटकलम म्हणतात त्या २ टक्क्यांत हे बसणार नाही, पण खर्चही फारसा नाही. मात्र पगारातून परस्पर कापून घ्यायला सुरुवात केलीत तर सगळं उलटेल.

आणि हे सगळं पगार, रजा, साहेबाचं बोलणं यांच्या नंतर. तिथे गळती असेल तर प्रस्तावात सरळ लिहा की आधी ते बघा. समितीतून काढतील फार तर.

---

हिशेबनीस

आणि मोजणार कसं? पुन्हा प्रश्नावली नको.

---

त्रयस्थ

नको. एकदा येऊन गेलेली माणसं आपणहून दुसऱ्यांदा नाव देतात का, ते बघायचं. नोकरी सोडण्याचं प्रमाण सहभागी आणि न सहभागी गटांत ताडून बघायचं. बोडे, सिंग आणि रोगन यांनी २०१५ मध्ये एका जागतिक सल्लागार कंपनीत हेच केलं आणि सामाजिक प्रकल्पांवर काम केलेले सल्लागार जास्त टिकले असं दिसलं. तुमची नेहमीची शंका इथेही येणार, की टिकणारेच नाव देत असतील. म्हणून नाव दिलं पण जागा नसल्यानं घेता आलं नाही, अशांची यादी वेगळी ठेवा. तुलना त्यांच्याशी करायची.

---

कारकून नंबर दोन

जागा कमी आणि नावं जास्त, अशी वेळ आमच्याकडे अजून आलेली नाही. पण यादीचा रकाना करून ठेवतो. कामाच्या वेळातले तास हा मुद्दा आज वर पाठवला आहे. 'उत्पादकतेवर परिणाम' असा शेरा येणार हे नक्की, त्यासाठी रोडेलबाईंचा निबंध जोडलाय.

---

उलटतपासणी

बर्बानोबाईंचा जोडू नका म्हणजे झालं.